इंजिनाचा हँडब्रेक आणि आपली ट्रॉली

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट आणि खताच्या मात्रा याच गोष्टी लिहीत आलो. या वेळी विषय जरा आडवाटेचा आहे. मी रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या हँडब्रेकबद्दल लिहिणार आहे. "उसाचं सोडून साहेब रुळावर कुठं गेले?" असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. गाडी रुळावरून निघून आपल्या केनयार्डातच येऊन उभी राहणार आहे.

धंतोलीतले चार दिवस

मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जाणे झाले. नागपुरातली धंतोली म्हणजे दवाखान्यांची पेठच. एका गल्लीत डोळ्यांचा डॉक्टर, तर पुढच्या गल्लीत हाडांचा. त्यामुळे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक यांची सदा वर्दळ असते. आमचे साडू तिथेच एका जुन्या वाड्यात राहतात. रेल्वेची नोकरी करून ते निवृत्त झाले. अजनी स्टेशन तिथून जवळ, आणि रात्री सामसूम झाली की रुळांवरच्या गाड्यांची धडधड अंथरुणावर ऐकू येते.

साडूभाऊंची सगळी नोकरी मोतीबागेच्या छोट्या लायनीवर झाली. छोटी लाईन म्हणजे अडीच फुटी रुळांची. नागपूरहून छिंदवाड्याकडे आणि नागभीडकडे या गाड्या जात. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि नागभीडची २०१९ साली, कारण तिथे मोठे रूळ टाकायचे होते. मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ पासून छोट्या लायनीचे संग्रहालय आहे. सासूबाईंना दवाखान्यात जेवण देऊन झाले की दुपार मोकळी असे. एके दुपारी साडूभाऊ मला ते दाखवायला घेऊन गेले.

जुने इंजिन, डबे, कंदील, टेलिफोन असे बरेच काही तिथे बघायला मिळाले. मी आपला इंजिनाचा आकार बघत होतो, आणि साडूभाऊ वाकून खाली चाकांपाशी बघत होते. मी विचारले, "काय बघता?" तर म्हणाले, "साडूभाऊ, इंजिन चालते कसं हे सगळेच पाहतात जी. ते उभं राहते कसं, हे कोणी पाहत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले. का बसले ते पुढे सांगतो. त्या रात्री वाड्याच्या ओसरीवर बसून, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढून त्यांनी मला हँडब्रेक समजावून सांगितला. मी शेतकी डिप्लोमावाला माणूस, मेकॅनिक नव्हे. पण सांगणारा चांगला असला की सगळे कळते.

हवा गेली की काय उरते?

चालत्या गाडीला थांबवायचे काम हवेचा किंवा व्हॅक्यूमचा ब्रेक करतो. डिझेल इंजिन चालू असते तोपर्यंत त्यावरचा कॉम्प्रेसर हवा भरत राहतो. ड्रायव्हरने दांडा फिरवला की ही हवा सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन बाहेर येतो आणि लोखंडी ठोकळे चाकांवर आवळले जातात. या ठोकळ्याला ब्रेक शू म्हणतात.

पण इंजिन बंद केले की कॉम्प्रेसरही बंद पडतो. पाइपांचे जोड आणि वॉशर यांतून हवा थोडी थोडी निसटतच असते. सायकलच्या ट्यूबसारखेच ते. संध्याकाळी कडक वाटलेली ट्यूब सकाळी मऊ लागते. साडूभाऊ म्हणाले, "हवेच्या भरोशावर इंजिन ठेवून घरी जेवायला जाणारा ड्रायव्हर म्हणजे उसनवारीवर लग्न काढणारा बाप."

आपल्या ट्रॅक्टरवाल्यांना इथे एक शंका येईल. आपण ट्रॅक्टर बंद करून गिअरमध्ये ठेवतो, म्हणजे तो जागचा हलत नाही. इंजिनाचे तसे का नाही? याचे कारण असे, की ट्रॅक्टरमध्ये चाकापासून इंजिनाच्या पिस्टनपर्यंत दातऱ्यात दातरे अडकलेले असतात. मोठ्या डिझेल इंजिनात तसे नसते. काहींत डिझेलवर जनरेटर फिरतो आणि त्या विजेवर मोटारी चाके फिरवतात. काहींत मधे तेलाची यंत्रणा असते. मोतीबागेच्या लायनीवर चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली झेडडीएम जातीची ७०० अश्वशक्तीची इंजिने चालत, ती या तेलवाल्या प्रकारातली. असे इंजिन बंद झाले की चाके मोकळी. धरून ठेवणारे काहीच उरत नाही. मग उरतो तो फक्त हँडब्रेक. त्याला हवा लागत नाही, वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. माणसाने एकदा हाताने आवळला की माणूस निघून गेला तरी तो धरून ठेवतो. माणूस नसताना गाडी राखायची, एवढ्याचसाठी तो केलेला आहे.

चाक, आटे आणि नट

हँडब्रेकच्या जुन्या तऱ्हा मुख्यतः दोन. पहिली आट्यांची.

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक लोखंडी खांब उभा असतो. त्याच्या डोक्यावर मोटारीच्या स्टिअरिंगसारखे चाक किंवा गिरणीच्या हँडलसारखी मूठ असते. खांबाच्या आत आटे पाडलेला दांडा असतो आणि त्या दांड्यावर एक जाड नट. चाक फिरवले की दांडा जागच्या जागी फिरतो आणि नट वर चढतो. नटाला जोडलेला कोनी दांडा उभी ओढ आडवी करतो. तिथून एक लांब सळई इंजिनाच्या पोटाखालून जाते, पुढे तरफा येतात आणि शेवटी ब्रेक शू चाकावर दाबला जातो.

आता याचा हिशेब बघा. आकडे मी समजण्यापुरते घेतो. हाताचे चाक ४० सेंटीमीटर व्यासाचे धरू. एक फेरा म्हणजे हात सुमारे १२५ सेंटीमीटर फिरला. तेवढ्यात नट सरकला फक्त ८ मिलिमीटर. म्हणजे हात जेवढा फिरला त्याच्या दीडशेव्या हिश्श्याहूनही कमी. माणसाने २५ किलोचा जोर लावला, तर हिशेबाने चार टनांच्या जवळपास ओढ यायला पाहिजे. पण आट्यांच्या घासण्यात तीन हिस्से जोर खर्च होतो. तरी एक टन उरला. पुढच्या तरफांनी त्याचे चार टन केले. एका माणसाच्या दोन हातांतून चार टनांचा दाब! बाळंतिणीला जाणाऱ्या जीपचे चाक बदलताना आपण जॅक फिरवतो, त्यातली ही युक्ती आहे.

जॅकवरून दुसरी गोष्टही कळते. जॅकने उचललेली गाडी आपण हात सोडला तरी खाली येत नाही. आट्यांचा चढ इतका मंद ठेवलेला असतो, की वरचे वजन दांड्याला उलटा फिरवू शकत नाही. आटे घासतात, आणि ते घासणेच कुलूप बनते. मघाशी तीन हिस्से जोर वाया गेला असे वाटले होते, तो वाया गेला नाही. तोच राखणीला बसला. इंजिनाच्या हँडब्रेकचे आटे म्हणूनच जाड आणि मंद चढाचे असतात. त्यावर ब्रेक आवळायला वेळ लागतो, पण आवळलेला सुटत नाही.

साखळी आणि खिट्टी

दुसरी तऱ्हा साखळीची. अमेरिकी धर्तीच्या मोठ्या डिझेल इंजिनांत ती जास्त करून दिसते. यात चाक किंवा पंपासारखा दांडा हलवला की एका रिळावर साखळी गुंडाळली जाते. रिळाला दातेरी चाक असते आणि त्या दातांत एक खिट्टी पडते. सायकलचे पायडल उलटे फिरवताना फ्रीव्हील टकटक वाजते ना, ते तिच्या आतल्या खिट्ट्यांचेच काम. एका बाजूला फिरू द्यायचे आणि दुसऱ्या बाजूला अडवायचे. ब्रेक सोडताना ही खिट्टी उचलावी लागते.

सळईच्या जागी साखळी का? मला वाटले, स्वस्त पडत असेल. साडूभाऊंनी कागदावर एक वळण काढले. मोठ्या इंजिनाची चाके थेट धडाला जोडलेली नसतात. ती दोन बोगींत असतात आणि वळणावर बोगी धडाखाली थोडी फिरते. हँडब्रेकचे चाक बसले धडावर आणि ठोकळा आहे बोगीत. मधे ताठ सळई घातली तर वळणावर ती ओढली जाईल, वाकेल किंवा ब्रेक आपोआप लागेल. साखळीला थोडी ढील ठेवता येते आणि ती कप्पीवरून वळतेही. बैलाच्या कासऱ्याला आपण ढील ठेवतो, तशीच ही गोष्ट आहे.

या ढिलीतच दोष दडतो. ब्रेक शू घासून पातळ झाला, पिना झिजल्या, भोके मोठी झाली, की सगळी ढील वाढते. मग चाकाचे आठ फेरे लागत तिथे पंधरा लागतात. अजून झिजले की नट आट्यांच्या टोकाला पोचतो, चाक घट्ट लागते, ड्रायव्हरला वाटते ब्रेक बसला. प्रत्यक्षात ठोकळा रेल्वेच्या चाकाला नुसता टेकलेला असतो. साडूभाऊंचे म्हणणे असे, की शेडमध्ये इंजिन ताब्यात घेताना त्यांनी कधी नुसते हाताच्या चाकाकडे पाहिले नाही. "वरचं चाक खोटं बोलू शकते जी. खाली वाकून ठोकळा पाहायचा. तो खोटं बोलत नाही."

सगळ्या चाकांना नसतो

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. खाणीत आणि मळ्यात चालणाऱ्या, चार चाकांच्या लहान डिझेल इंजिनांत बहुधा चारही चाकांना हँडब्रेक लागतो. काही इंजिनांत तर तेवढा एकच ब्रेक असे, चालताना आणि उभे राहतानाही. पूर्वी आपल्या राज्यातल्या काही खाजगी साखर कारखान्यांच्या मळ्यांत ऊस वाहायला अरुंद रुळांच्या गाड्या होत्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. 

पण मोठ्या इंजिनात हँडब्रेक सगळ्या चाकांना नसतो. एखाद्या बोगीच्या एक-दोन आसांवरच तो लागतो. कारण त्याच्यावर काम सोपवलेले असते ते फक्त स्वतःचे इंजिन धरण्याचे. मागची भरलेली गाडी धरणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी वाघिणींचे स्वतःचे हँडब्रेक असतात, आणि चाकांना साखळदंड व लाकडी पाचरी लावायच्या असतात.

उताराचा हिशेब सोपा आहे. शंभरात एक असा उतार असला तर प्रत्येक टनामागे दहा किलो ओढ खाली लागते. वीस टनांचे इंजिन एकटे असेल तर ओढ दोनशे किलो. मघाचा चार टनांचा दाब ती सहज धरेल. पण त्याच्यामागे हजार टनांची भरलेली गाडी असली तर ओढ झाली दहा टन! तिथे एकट्या इंजिनाचा हँडब्रेक काय करणार?

त्यात लोखंडी चाक लोखंडी रुळावर अगदी सहज घरंगळते. टनामागे दोन-तीन किलो जोर मिळाला तरी ते चालू लागते. म्हणून स्टेशनच्या आवारात उतार चारशेत एक याहून जास्त नसावा असा रेल्वेचा दंडक आहे. चारशेत एक म्हणजे चारशे फुटांत एक फूट. डोळ्याला तो उतार दिसतच नाही, आपण सपाटच म्हणू. तिथेही गाडी बांधून ठेवतात.

माथेरानचे ब्रेकमन

उताराची खरी गंमत बघायची तर आपल्या माथेरानला जावे. नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या वाटेवर वीसात एक असा चढ आहे. म्हणजे टनामागे पन्नास किलो ओढ! पहिल्यांदा तिथे वाफेची इंजिने होती. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिने आली.

त्या गाडीला एकटा ड्रायव्हर पुरत नसे. डब्यांवर ब्रेकमन असत. उतरताना इंजिनाच्या शिटीच्या खुणेप्रमाणे ते आपापल्या डब्याचे हँडब्रेक आवळत आणि सोडत. वळणावर आवळायचे, जरा सपाटी आली की सैल करायचे. अनेक वर्षे ही गाडी डोंगर उतरली ती अशी माणसांच्या मनगटावर. हवेचे ब्रेक त्या डब्यांना फार उशिरा लागले. मला त्यात एवढेच दिसले, की तिथे प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक होता आणि प्रत्येक ब्रेकला त्याचा माणूस होता. "पुढचा बघून घेईल" असे म्हणायची सोयच नव्हती.

सात ब्रेक लावले आणि तरी...

आता दुसरी बाजू. कॅनडा देशात लाक-मेगांतिक नावाचे गाव आहे. ५ जुलै २०१३ च्या रात्री त्या गावापासून काही अंतरावर, वरच्या अंगाला उतारावर एक मालगाडी मुक्कामाला उभी केली. पाच डिझेल इंजिने आणि कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या. ड्रायव्हरने सात हँडब्रेक लावले. ते धरतात की नाही याची परीक्षाही घेतली. पण परीक्षा घेताना इंजिनांचा हवेचा ब्रेक चालूच होता. गाडी हलली नाही. ड्रायव्हरला वाटले हँडब्रेकने धरली. प्रत्यक्षात बराचसा भार हवेने धरला होता.

पुढच्या इंजिनाच्या धुराड्याला आग लागली. आग विझवणाऱ्यांनी नियमाप्रमाणे इंजिन बंद केले. कॉम्प्रेसर थांबला. हवा हळूहळू निसटली आणि मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला गाडी आपली आपण चालू लागली. गावात शिरली तेव्हा तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला होता. टाक्या उलथल्या, तेल पेटले. ४७ माणसे गेली. पुढे चौकशीत निघाले, की ती गाडी नुसत्या हँडब्रेकवर धरायची तर कमीत कमी १७ आणि कदाचित २६ ब्रेक लागले असते.

आपल्याकडेही २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूकडच्या कठुआ स्टेशनातून खडीने भरलेली ५३ वाघिणींची गाडी ड्रायव्हरशिवाय निघाली. सत्तर किलोमीटरच्या वर धावत ती पंजाबात गेली. शेवटी रुळांवर लाकडाचे ठोकळे आणि वाळू टाकून ती उंची बस्सीजवळ थांबवली. सुदैवाने कोणाला खरचटलेही नाही. पण त्या दीड तासात वाटेतल्या फाटकांवरच्या माणसांच्या जिवाचे काय झाले असेल!

कॅनडाची गोष्ट साडूभाऊंनी सांगितली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मी गप्प झालो. ते म्हणाले, "काहून, झोप आली का?" मी म्हटले, "नाही. मला माझी एक गोष्ट आठवली."

माझी चूक

ही गोष्ट मी कारखान्याच्या कागदावर कधी लिहिली नव्हती. आज लिहितो.

वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यावर फिल्डमन होतो. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला फड तुटत होता. जोड ट्रॉली भरून निघाली, पण ओढ्याच्या चढावर ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्या घेऊन चढेना. चाके फिरत होती नुसती. कारखान्याकडून उसाची ओरड चालू, गव्हाण रिकामी पडायची वेळ आलेली. मी ड्रायव्हरला सांगितले, "मागची सोड. पुढची वर नेऊन ठेव आणि परत ये." त्या ट्रॉलीला हँडब्रेकचा दांडा होता, पण त्याची वायर दोन महिन्यांपासून तुटलेली होती. हे ड्रायव्हरला माहीत होते, मुकादमाला माहीत होते आणि मलाही माहीत होते. चाकाखाली एक दगड लावला. आपण त्याला उटी लावणे म्हणतो.

ट्रॅक्टर वर गेला आणि दहा मिनिटांत ओल्या मातीतून दगड सरकला. दहा-बारा टनांची ट्रॉली मागे निघाली. खाली एका तोडणीवाल्याची बैलगाडी भरायची चालली होती. बायको ओरडली म्हणून तो उडी मारून बाजूला झाला, तरी पाय सापडलाच. मांडीचे हाड मोडले. जुवाखालचा एक बैल जागीच गेला.

त्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली. हंगाम अर्धा राहिलेला. आम्ही वर्गणी काढून काही रक्कम दिली, दवाखान्याचे बघितले. पण गेलेला बैल आणि गेलेला हंगाम कोण भरून देणार? ती दोघे पुन्हा त्या कारखान्याला आली नाहीत.

अहवाल मी लिहिला. त्यात एकच ओळ होती, "दगड निसटल्याने ट्रॉली मागे गेली." ही ओळ खोटी नव्हती. पण तुटलेल्या वायरबद्दल मी लिहिले नाही, आणि ट्रॉली सोडायला कोणी सांगितले तेही लिहिले नाही. सगळे दगडाच्या माथी मारले. दगडाला काय, तो बोलत नाही.

साडूभाऊंनी सगळे ऐकून घेतले. एवढेच विचारले, "वायर जोडायला किती खर्च होता?" मी सांगितले, "शंभर-दोनशे रुपये." ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. ती अजून माझ्या डायरीत आहे.

आपल्या ट्रॉलीचे काय?

बंधूंनो, आपली ट्रॉली म्हणजे इंजिनामागची वाघीणच. पिन काढली की ट्रॅक्टरचा गिअर आणि ट्रॅक्टरचा ब्रेक तिच्या काही कामाचे नाहीत. रबरी चाके रुळावरच्या चाकांइतकी सहज घरंगळत नाहीत, एवढाच फरक. डांबरी सडकेवर पन्नासात एक उतार असला तरी ती चालू लागते. वीसात एक उतारावर बारा टनांच्या भरलेल्या ट्रॉलीला सहाशे किलोची ओढ असते. घासण्यात काही जाऊन जी उरते, तीही दोन-चार माणसांना रेटून धरता येणार नाही. म्हणून तिला तिचा स्वतःचा ब्रेक पाहिजे. हंगामापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे.

१) हँडब्रेक सोडून पुन्हा पूर्ण आवळा आणि फेरे मोजा. दांड्याचा असेल तर खिट्टीचे टक्के मोजा. आकडा ट्रॉलीवर रंगाने लिहून ठेवा. तो वाढत चालला की समजावे, आत काही झिजते आहे.

२) वायर, सळया, पिना, त्यांच्या खिळी आणि ड्रममधले लायनर बघा. पावसाळ्यात गंजलेले आटे रॉकेल-डिझेलने धुऊन ग्रीस भरा. ग्रीस आट्यांना लावायचे, लायनरला लागू द्यायचे नाही.

३) परीक्षा घ्या, पण खरी घ्या. मंद उतारावर ट्रॉली उभी करून हँडब्रेक आवळा. चाकांच्या खालच्या बाजूला वीतभर अंतर सोडून पाचरी ठेवा आणि खाली कोणाला उभे राहू देऊ नका. मग ट्रॅक्टर न्यूट्रल करून त्याचा ब्रेक सोडा. ट्रॅक्टरने धरलेली ट्रॉली बघून "ब्रेक चांगला आहे" म्हणणे हीच ती कॅनडातली चूक.

४) प्रत्येक ट्रॉलीला बाभळीच्या लाकडाच्या दोन पाचरी साखळीने बांधून ठेवा. हाताशी लागेल तो दगड ही पाचर नव्हे. पाचर दोन्ही बाजूंच्या चाकांना, उताराच्या अंगाला लावावी.

५) भरलेली ट्रॉली उतारावर सोडूच नये. नाइलाज झाला तर आधी ब्रेक, मग पाचर आणि शेवटी पिन. जोडताना आधी पिन, मग पाचर काढणे आणि शेवटी ब्रेक सोडणे.

६) ब्रेक लावला की मुठीला लाल फडके बांधा. ब्रेक सोडायचा विसरून ट्रॉली ओढली तर ड्रम तापतो आणि लायनर जळतो. रेल्वेत असे झाले तर चाक रुळावर घासून एका जागी चपटे होते.

७) टायरगाडीवाल्यांनीही ब्रेकची दोरी किंवा दांडा बघून घ्यावा. यार्डात बैल सोडून गाडी उभी करताना ब्रेक लावूनच सोडावी. रात्री यार्डात गाड्यांखाली माणसे झोपलेली असतात, पोरेबाळे असतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

ज्या ट्रॉलीला हँडब्रेकच नाही, पण आसाला ब्रेक ड्रम आहे, तिला आट्यांचा हँडब्रेक बसवून घेता येतो. वर सांगितलेला खांब, आट्यांचा दांडा, जाड नट, कोनी दांडा आणि सळई एवढेच सामान त्याला लागते. चांगल्या वर्कशॉपमध्ये जाणकाराकडूनच करून घ्यावा. साडूभाऊंनी काढलेले चित्र मी गट ऑफिसात लावायला देणार आहे. ज्याला पाहिजे त्याने येऊन बघावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण ट्रॅक्टर-ट्रॉली धुऊन, हळदकुंकू लावून, नारळ फोडून पूजा करतो. थोड्याच दिवसांत आपल्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि मग कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. यंदा नारळ फोडण्यापूर्वी हँडब्रेक एकदा आवळून, खाली वाकून ठोकळा आणि लायनर बघा. तुटलेली वायर दिसली तर त्याच दिवशी जोडून घ्या. आमचे फिल्डमन आणि स्लिपबॉय यांनाही मी तसे सांगितले आहे. या हंगामात ट्रॉली सोडायला त्यांच्यापैकी कोणी घाई केली, तर त्याला बेलाशक माझे नाव सांगा.

सासूबाई आता बऱ्या आहेत. साडूभाऊंना हंगामात कारखाना बघायला बोलावले आहे. ते आले की आपल्या यार्डात फिरवीन. ते कुठे वाकून बघतील, हे मला आत्ताच ठाऊक आहे.